संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने संगणक जाणावा काय?



आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न हाच या लेखाचा विषय आहे. ती बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. वडील यंत्रमागावर कामाला आहेत. ती म्हणाली, "सर, मला ॲप आणि वेबसाईट तयार करण्याचे काम करायचे आहे. पुण्याला चार महिन्यांचा कोर्स केला की ते काम येते, असे सगळे सांगतात. मग प्रोसेसर, मेमरी, ऑपरेटिंग सिस्टिम हे विषय मी पास होण्यापुरतेच वाचले तर काय बिघडेल?"

प्रश्न प्रामाणिक होता. कोर्सची फी, पुण्यातील खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च यांसाठी घरात कर्ज काढावे लागते. अशा वेळी मुलीने कशावर वेळ घालवावा आणि कशावर घालवू नये, हा साधा प्रश्न राहत नाही. म्हणून आम्ही घाईने उत्तर दिले नाही. चार रविवार यावर वर्गात चर्चा केली, उदाहरणे सोडवून पाहिली. त्याचा सारांश येथे देत आहोत.

१. प्रश्न नेमका कोणता?

संगणक ही एक मजल्यांची इमारत आहे असे समजावे. सर्वांत खाली वीज वाहू देणारे किंवा अडवणारे सूक्ष्म खटके, म्हणजे ट्रान्झिस्टर असतात. १९७१ साली बाजारात आलेल्या इंटेल ४००४ या प्रोसेसरमध्ये ते सुमारे २,३०० होते. आजच्या चांगल्या मोबाईलमधील चिपमध्ये ते अब्जावधी असतात. खटक्यांपासून गणित व तुलना करणारे भाग बनतात, त्या भागांपासून प्रोसेसर बनतो. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांचा कारभार पाहणारी व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड ही तिची उदाहरणे. तिच्यावर जावा, पायथॉन अशा भाषा आणि माहिती साठविणारे डेटाबेस येतात. सर्वांत वरच्या मजल्यावर आपण रोज वापरतो ते प्रोग्रॅम असतात : रेल्वेचे आरक्षण, पतसंस्थेचे खातेपुस्तक, शाळेचा निकाल.

हे वरच्या मजल्यावरचे प्रोग्रॅम लिहिणारा तो ॲप्लिकेशन प्रोग्रॅमर. आपल्या मुलांपैकी बहुतेकांना मिळणारी नोकरी याच मजल्यावरची असते. तेव्हा प्रश्न असा की, वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने खालचे मजले पाहावेत काय, आणि पाहावेत तर किती?

२. सोलापूरचा माग काय सांगतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला परदेशात जाण्याची गरज नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जकार्डवर उठते, ते यंत्र संगणकाच्या घराण्यातलेच आहे. फ्रान्समधील लिऑन शहराच्या जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास ते सिद्ध केले. त्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची एक माळ असते. पट्टीवर भोक असेल तेथे सुई आत जाते, आकडा जागेवर राहतो आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि तो धागा खालीच राहतो. मग धोटा बाण्याचा आडवा धागा घेऊन निघून जातो. भोक आहे किंवा नाही, धागा वर किंवा खाली. एक किंवा शून्य. इंग्लंडचे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी ही भोकांची कल्पना जकार्डकडूनच घेतली. पुढे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनीही भोके पाडलेली कार्डेच वापरली.

आता नक्षी काढणारा कारागीर पाहा. तो चौकटीच्या कागदावर मोर, फुले, वेल काढतो. एक चौकट म्हणजे ताणा व बाणा यांची एक भेट. तो स्वतः माग चालवत नाही. तरी जकार्डला आकडे किती, इंचात धागे किती आणि सूत किती जाड हे त्याला माहीत असावेच लागते. ते माहीत नसेल तर कागदावरचा गोल मोर चादरीवर लांबट होतो. नक्षीत एखादा धागा फार अंतरापर्यंत न बांधता मोकळा सुटला, तर कागदावर काहीच वावगे दिसत नाही. पण चादर वापरात आली की तो धागा बांगडीत, नखात अडकून निघतो. दोष कागदावर दिसत नाही, गिऱ्हाइकाच्या घरी दिसतो.

नक्षीकाराने माग दुरुस्त करायला शिकावे असे कोणी म्हणणार नाही. त्यासाठी जॉबर आहे. पण मागाची मर्यादा न जाणणारा नक्षीकार कारखान्यात फार दिवस टिकत नाही. प्रोग्रॅमरचेही असेच आहे, हे पुढील उदाहरणांवरून दिसेल.

३. दुसरी बाजू

मात्र दुसरी बाजू खोटी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक कार्यान्वित झाला. त्याची मेमरी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने अवघी १० किलोबाइट होती. अशा यंत्रावर काम करणाऱ्यास यंत्राचा कोपरान् कोपरा ठाऊक असल्यावाचून एक ओळही लिहिता येत नसे. ही अडचण दूर व्हावी म्हणूनच वरच्या पातळीच्या भाषा निघाल्या. आय.बी.एम.मध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ साली फोरट्रान ही भाषा दिली ती याच हेतूने, की शास्त्रज्ञाने आपल्या सूत्राचा विचार करावा, यंत्राच्या खटक्यांचा नव्हे.

हा हेतू पुष्कळ अंशी सफल झाला. आज एखादा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात पडद्यावर चालणारा प्रोग्रॅम करून दाखवतो. एस.टी.चा ड्रायव्हर इंजिन उघडून न पाहताही सोलापूर-पुणे गाडी सुखरूप नेतो. तसे अनेक प्रोग्रॅमर खालच्या मजल्यांकडे न पाहता वर्षानुवर्षे पगार घेतात. म्हणून "यंत्र न कळणारा प्रोग्रॅमरच नव्हे" असे जे पंडित सांगतात त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. तसे म्हणणे म्हणजे नव्याने शिकू पाहणाऱ्या मुलांना दारातूनच परत पाठवण्यासारखे आहे.

पण घाटात ब्रेक गरम झाले तर काय होते, हे तोच ड्रायव्हर जाणतो आणि उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवतो. एवढे ज्ञान त्याला कोणी इंजिनिअर समजण्याइतके नसते, परंतु चाळीस प्रवाशांचा जीव त्यावर असतो. प्रश्न एवढ्याच ज्ञानाचा आहे.

४. चार धडे

*पहिला धडा : अक्षराचा.* आमच्या वर्गातील त्याच विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीसाठी अर्ज केलेल्या मुलांची यादी करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नावासाठी तिने २० बाइट जागा ठेवली. इंग्रजी नावे घालून पाहिली, सर्व ठीक चालले. मग मराठी नावे घातली. 'सिद्धार्थ' हे नाव छापून आले 'सिद्धा' असे, आणि पुढे चौकटीतले प्रश्नचिन्ह.

असे का झाले? आपण 'सिद्धार्थ' मध्ये तीन अक्षरे मोजतो. संगणक मात्र नऊ चिन्हे साठवतो : स, ह्रस्व इकार, द, पाय मोडल्याची खूण, ध, काना, र, पाय मोडल्याची खूण आणि थ. आज सर्वत्र चालणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे हे नाव २७ बाइटचे झाले. २० बाइटमध्ये सहा चिन्हे, म्हणजे 'सिद्धा' पर्यंतचे १८ बाइट पूर्ण बसले. 'र' चे दोनच बाइट आत आले आणि तिसरा बाहेर राहिला, त्याचे प्रश्नचिन्ह झाले. हेच नाव इंग्रजी लिपीत नऊ बाइटमध्ये मावते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याच्या चाचणीत सर्व नावे इंग्रजी लिपीतच असतात त्याला हा दोष कधीच दिसणार नाही. कागदपत्रावर नाव अर्धवट आले तर बँकेच्या खिडकीवर हेलपाटे घालावे लागतात ते नावाच्या मालकाला, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला नव्हे.

अकारविल्ह्याचेही तसेच. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह' नंतर येतो, पण युनिकोडच्या क्रमांकात तो 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये आहे. नुसत्या क्रमांकाने यादी लावली तर 'काळे' आधी आणि 'कावळे' नंतर येतात. आपल्या शब्दकोशाप्रमाणे ते उलटे हवे. जुन्या स्मरणिकांच्या फायली ज्यांनी नव्या संगणकावर उघडून पाहिल्या असतील त्यांनाही हा अनुभव असेल. मराठीऐवजी पडद्यावर इंग्रजी चिन्हांचा सडा दिसतो. त्या काळच्या अनेक फाँटमध्ये साठवले जाई ते इंग्रजी चिन्हाचा क्रमांक आणि दिसे ते मराठी अक्षर. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ साली ठरले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. परंतु डीटीपीच्या कामात फाँटची पद्धतच पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. दिसणे आणि साठणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हा पहिला धडा.

*दुसरा धडा : आकड्याचा.* आपण एक भागिले तीन करू लागलो तर ०.३३३… असे संपतच नाही. संगणक दोनच अंकांनी मोजतो, म्हणून त्याच्या लेखी एक दशांश, म्हणजे ०.१ ही संख्यासुद्धा अशीच न संपणारी आहे. कोठे तरी तोडावी लागते आणि किंचित चूक राहते. बहुतेक भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून ती ०.३ बरोबर आहे काय असे विचारले, तर उत्तर 'नाही' असे येते. विद्यार्थ्यांनी हे स्वतः करून पाहावे.

या किंचित चुकीने माणसे मेली आहेत. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेची पेट्रियट यंत्रणा येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक ठार झाले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होते आणि ०.१ ही संख्या २४ बिटांत तोडून ठेवलेली होती. सलग सुमारे १०० तास चालल्यावर ही चूक साचत साचत सेकंदाच्या एक तृतीयांशाइतकी झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी तेथे पोचला.

आपल्याकडे क्षेपणास्त्रे नाहीत, पण पतसंस्था आहेत, बचत गट आहेत. व्याजाचा हिशेब अशा अपूर्णांकात ठेवला तर वर्षअखेरीस पैशांचा मेळ बसत नाही आणि बिचारा लेखनिक रात्र रात्र जागतो. म्हणून जाणकार प्रोग्रॅमर रक्कम पूर्ण पैशांत ठेवतो किंवा दशमान पद्धतीची खास सोय वापरतो. पण तेथेही यंत्राची मर्यादा आहे. ३२ बिटांच्या पूर्णांकात मोठ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ एवढीच मावते. ते पैसे धरले तर २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे झाले. संस्थेच्या ठेवी त्यापुढे गेल्या की आकडा एकदम वजा दिसू शकतो. ज्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अजूनही याच ३२ बिटांत मोजतात, त्यांचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी असेच भरेल.

*तिसरा धडा : अंतराचा.* संगणकाच्या आत सर्व काही क्षणात होते असे आपण समजतो. तसे नाही. मुख्य मेमरीतून माहिती आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्डडिस्कवरून आणायला साधारण १० मिलिसेकंद. म्हणजे एक लाख पट. मेमरीतून आणायला एक मिनिट लागले असे धरले, तर डिस्कवरून आणायला जवळजवळ ७० दिवस लागतील. नव्या एसएसडी डिस्कवर हेच काम सतरा-अठरा तासांचे होईल.

समजा, ५,००० सभासदांची यादी दूरच्या शहरातील सर्व्हरवरून मागवायची आहे आणि प्रत्येक खेपेस २० मिलिसेकंद लागतात. प्रोग्रॅमरने एकेका सभासदाची माहिती वेगवेगळी मागितली तर १०० सेकंद नुसत्या येण्याजाण्यात जातात. सर्वांची एकदम मागितली तर काम क्षणात होते. आपली आई वीस जिन्नस आणायला मंगळवार बाजारात वीस वेळा जात नाही, यादी करून एकदाच जाते. परंतु प्रोग्रॅम लिहिताना ही वीस खेपांची चूक सर्रास होते. कारण भाषेत दोन्ही गोष्टी सारख्याच सोप्या दिसतात आणि शिकताना सर्व माहिती आपल्याच संगणकावर असल्याने उशीर जाणवत नाही.

*चौथा धडा : अनेक हातांचा.* अमेरिकेने महासंगणक देण्यास नकार दिल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. एकच अतिवेगवान प्रोसेसर करण्याऐवजी ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर त्यात जोडले होते. प्रत्येकाची मेमरी स्वतंत्र होती आणि ते एकमेकांना निरोप पाठवून काम करीत.

असे यंत्र केले म्हणजे काम झाले असे नाही. एका प्रोसेसरसाठी लिहिलेला प्रोग्रॅम त्यावर आपोआप वेगाने धावत नाही. कामाचे तुकडे कसे पाडावेत, कोणी कोणाला केव्हा निरोप द्यावा, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडलेला हिशेब असा की, कामाचा दहावा भाग जरी वाटून देता येण्यासारखा नसला, तर ६४ प्रोसेसर लावूनही काम पावणेनऊ पटीच्या आसपासच वेगाने होते. लग्नघरी चौसष्ट आचारी आणले, तरी भात शिजायला लागणारा वेळ लागतोच. परमच्या काळात ही गोष्ट मोजक्या शास्त्रज्ञांपुरती होती. आता आपल्या खिशातील मोबाईलमध्येच सहा-आठ प्रोसेसर असतात, म्हणून ती सर्वांची झाली आहे.

५. मग किती जाणावे?

या चार धड्यांवरून आम्ही वर्गासाठी एक साधा नियम ठरवला. आपण ज्या मजल्यावर काम करतो त्याच्या खालचा एक मजला पक्का यावा, त्याखालच्या मजल्याची चांगली ओळख असावी आणि त्याहून खालचे मजले आहेत व तेथे काय घडते एवढी जाण असावी.

वेबसाईट करणाऱ्याला डेटाबेस, नेटवर्क आणि अक्षरांची साठवण पक्की हवी. प्रोसेसरच्या आतील रचना तोंडओळखीपुरती चालेल. मोबाईल ॲप करणाऱ्याला मेमरी आणि बॅटरी कशाने खर्च होते हे कळावे. हिशेबाचे प्रोग्रॅम करणाऱ्याला संख्या कशा साठतात हे ठाऊक नसेल तर त्याने ते काम घेऊच नये. आणि इलेक्ट्रॉनिक जकार्ड चालविणाऱ्या पेटीचा प्रोग्रॅम जो लिहील, त्याला मात्र विजेच्या दाबापर्यंत सर्व मजले उतरावे लागतील. कारण तेथे प्रोग्रॅम आणि यंत्र यांच्यामध्ये कोणीच नाही.

६. हे ज्ञान कोणाच्या मालकीचे?

"हे सर्व इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी, आपल्यासाठी नव्हे," असे काही विद्यार्थी म्हणाले. त्यांना आम्ही सोलापुरातच वाढलेल्या अच्युत गोडबोले यांचे उदाहरण दिले. त्यांनी आय.आय.टी. मुंबईत पदवी घेतली ती रसायन अभियांत्रिकीची. पुढे त्यांनी सॉफ्टवेअर क्षेत्रात मोठ्या कंपन्यांची सर्वोच्च पदे भूषवली, आणि पाठ्यपुस्तक लिहिले ते 'ऑपरेटिंग सिस्टिम्स' या विषयावर, म्हणजे याच खालच्या मजल्यावर. 'मुसाफिर' हे त्यांचे आत्मचरित्र मराठीत आहे. आय.आय.टी. सर्वांना मिळत नाही हे खरे. पण संगणकाची पदवी नसलेल्या माणसालाही हा मजला अभ्यासाने गाठता येतो, एवढे यातून नक्की दिसते.

दुसरी गोष्ट नोकरीची. सन २००० जवळ येताच जगभर वाय-टू-केचे काम निघाले. मेमरी महाग होती त्या काळी वर्षाचे दोनच अंक साठवले गेले होते. ते शोधून दुरुस्त करण्याच्या कामातून भारतीय कंपन्यांना मोठा व्यवसाय मिळाला. ते काम संपले. ज्यांना फक्त तेवढेच येत होते त्यांना नव्याने शिकावे लागले. आज तीच वेळ दुसऱ्या रूपाने आली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि तेव्हापासून साचेबंद प्रोग्रॅम लिहून देणारी साधने हाताशी आली आहेत. चार महिन्यांच्या कोर्समध्ये जे शिकवले जाते, त्यातले पुष्कळसे ही साधने काही मिनिटांत लिहून देतात. मग माणसाची गरज कोठे उरते? लिहून आलेले बरोबर आहे काय, नाव तुटेल काय, आकडा भरून वाहील काय, हजार माणसे एकदम आली तर चालेल काय, हे सांगण्यासाठी. हे सांगायला खालचा मजला पाहिलेला असावा लागतो.

कोर्स करू नये असे आमचे म्हणणे नाही. कोर्सने दार उघडते. पण आत टिकायचे असेल तर पायाचे विषय पास होण्यापुरते वाचून भागणार नाही. आणि सुदैवाने या विषयांना पैसा सर्वांत कमी लागतो. लागतो तो वेळ.

७. सहा महिन्यांचा अभ्यास

रोज एक तास मिळाला तरी पुढील क्रम पुरा होतो.

पहिला महिना : बिट, बाइट, द्विमान संख्या, ऋण संख्या, अपूर्णांक आणि युनिकोड. सर्व उदाहरणे कागदावर करावीत.

दुसरा महिना : सी भाषा. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक जुन्या पुस्तकांच्या दुकानातही मिळते. पॉइंटर हा भाग टाळू नये. मेमरी तेथेच दिसते.

तिसरा महिना : साध्या लॉजिक गेटपासून छोटा संगणक कसा उभा राहतो हे 'नँड टू टेट्रिस' या विनामूल्य अभ्यासक्रमातून पाहावे. या महिन्यात त्याचा पहिला भागच घ्यावा.

चौथा महिना : जुन्या संगणकावर लिनक्स घालून फाइल, प्रोसेस, मेमरी यांचे काम प्रत्यक्ष पाहावे. आय.आय.टी. व भारतीय विज्ञान संस्था यांच्या एन.पी.टी.ई.एल. योजनेतील व्याख्याने यासाठी विनामूल्य आहेत.

पाचवा महिना : डेटाबेस आणि नेटवर्क. एक यादी वीस खेपांत आणि एका खेपेत मागवून वेळ मोजावा.

सहावा महिना : स्वतःचा एक प्रोग्रॅम घ्यावा आणि तो मुद्दाम मोडून पाहावा. मोठे आकडे, लांब मराठी नावे, रिकामी जागा, तुटलेले नेट हे सर्व त्याला द्यावे. कोठे मोडला आणि का मोडला, हे वहीत लिहावे.

८. शेवटी

ज्या विद्यार्थिनीच्या प्रश्नापासून आपण निघालो, तिला 'सिद्धार्थ' हे नाव अपुरे का छापले गेले हे आम्ही सांगितले नाही. तिने युनिकोडचा तक्ता उतरवून घेतला, नऊ चिन्हे मोजली, त्यास तिनाने गुणले आणि पुढच्या रविवारी कागद आमच्यापुढे ठेवला. मग नावाची जागा बाइटमध्ये न मोजता चिन्हांमध्ये मोजण्याची दुरुस्तीही तिनेच केली. "सर, मागच्या आठवड्यात मी हा विषय ऑप्शनला टाकणार होते," एवढेच ती म्हणाली.

आमचे उत्तर असे : अॅप्लिकेशन प्रोग्रॅमरने संपूर्ण संगणक जाणलाच पाहिजे असे नाही; पण आपल्या पायाखालचा मजला त्याने जाणलाच पाहिजे. काम सुरळीत चालते तोपर्यंत या ज्ञानाची उणीव कोणाला दिसत नाही. काम अडते त्या दिवशी मात्र दोनच प्रकारची माणसे उरतात : कारण शोधणारी आणि कोणी तरी येईल म्हणून वाट पाहणारी. आपली मुले पहिल्या प्रकारात असावीत, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपले स्वतःचे पूर्ण नाव मराठीत लिहून त्यात किती चिन्हे व किती बाइट होतात ते मोजा.

२. ३२ बिटांच्या पूर्णांकात रक्कम पैशांऐवजी रुपयांत ठेवली तर किती कोटींपर्यंत हिशेब मावेल? असे केल्याने कोणती नवी अडचण येईल?

३. कामाचा निम्मा भाग वाटता येत नसेल, तर कितीही प्रोसेसर लावले तरी वेग दुपटीपुढे का जात नाही, हे उदाहरणाने सांगा.

४. घरातील चादर उलटी करून पाहा. कोणता धागा कोठे मोकळा आहे ते शोधा आणि नक्षीकाराने तो तेथे का बांधला नसेल, यावर पाच ओळी लिहा.